किल्ली कुणाकडे असते?

देहूरोड, २० डिसेंबर

ती. आईस,

काल रात्री शेवटच्या लोकलनं उतरलो. फलाटाच्या भिंतीला लागून पाच-सहा जण झोपले होते. एकानं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स पांघरला होता. फ्लेक्सनं वारा अडतो, पण श्वासाची वाफ आतच साठते आणि पहाटे सदरा ओला होतो, असं तो म्हणाला. थंडी तो अशीच काढतोय.

चादरी वाटणारी पोरं भेटली. त्यांच्यातला एक म्हणाला, "दादा, चादर दिली की आमचं समाधान होतं. पण हा माणूस दिवसा चाकणला मजुरीला जाणार, चादर ठेवणार कुठं? चार दिवसांत चोरीला जाते." मला हे आजवर सुचलंच नव्हतं. चादरीच्या आधी दार हवं, आणि ते रात्री उघडायला जागं माणूस.

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही.

देहूरोड, २५ डिसेंबर

ती. आईस,

आज धम्मभूमीवर पहाटेपासून रीघ आहे. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी इथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. लांबून आलेल्यांना पाणी, जेवण द्यायला जागोजागी पोरं उभी आहेत. एका दिवसासाठी एवढे हात मिळतात, तर थंडीच्या दोन महिन्यांसाठी का मिळू नयेत?

एक गोष्ट मला छळतेय. शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली बजावलं. पण २०११ च्या जनगणनेत देशात साडेसतरा लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले आठ लाखांवर खेड्यांतले. त्यांच्यासाठी असा नियमच नाही. गावात हे काम देवळाच्या ओवरीनं आणि शाळेच्या व्हरांड्यानं केलं. आता तिथंही ग्रिल आणि कुलूप आलंय. ऊसतोडीची माणसं आपल्याकडे येतात तेव्हा म्हातारी आणि लेकरं पाचटाच्या कोपीत कुडकुडतात, तू पाहिलंयस.

आपल्या मारुतीच्या सभामंडपाची किल्ली कुणाकडे असते, अण्णांना विचारून ठेव. आणि माळ्यावरच्या वाकळांना ऊन दाखव. शनिवारी येतोय.

तुझा,
बाळू