हजार वॅटची हौस

लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं म्हणतंय कोण!) गेमिंग पीसीचे पार्ट घ्यायला निघालेल्या पोरांची यादी साधारण ठरलेली असते. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम यांवर महिनाभर अभ्यास, आणि शेवटच्या ओळीत 'एसएमपीएस - मोठ्यात मोठा'.

माझा मामेभाऊ सध्या याच अवस्थेत आहे. गिरगावात चाळीत राहतो, यंदाच नोकरीला लागलाय, साठवलेल्या पगारातून पीसी बांधतोय. "दादा, हजार वॅटचाच घेतो, नंतर कटकट नको." मामाचं टेन्शन वेगळंच. "हजार वॅट म्हणजे दिवसभर इस्त्री चालू ठेवल्यासारखंच की रे! बेस्टचं बिल कोण भरणार?"

गंमत म्हणजे दोघांचा घोटाळा एकच आहे. एसएमपीएसवरचा आकडा म्हणजे तो किती वीज खातो ते नव्हे, जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. पीसी मागेल तेवढंच तो देणार. तर आधी मागणी मोजू:

- आरटीएक्स ४०७० कार्ड : २०० वॅट
- रायझन ५ ७६०० : नावाला ६५, पण जोर लागला की ८८ वॅट
- मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे : ढोबळमानाने ६०

झाले ३५०. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० का सांगते? एक तर तुमचा प्रोसेसर किती खादाड आहे ते त्यांना माहीत नसतं. दुसरं म्हणजे ग्राफिक्स कार्ड अगदी क्षणभर, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, सरासरीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतं. एसएमपीएस काठावरचा असेल तर ऐन गेममध्ये पीसी बंद. शिवाय निम्म्या लोडच्या आसपास तो गार आणि शांत चालतो. म्हणून ६५०. हजार घेऊन बिघडत काही नाही, फक्त वरचे पैसे पडून राहतात.

मामाचं उत्तरही यातच आहे. ३५० वॅट द्यायला ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून साधारण ३९० वॅट घेतो. रोज तीन तास गेम म्हणजे सव्वा युनिटच्याही आत (मॉनिटर वेगळा). चिरंजीव तीन तासांवर थांबतील का, हा प्रश्न इलेक्ट्रिकलचा नाही :)

आता दुकानात बघायचं काय? स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः तिथूनच जेवतात. मोठ्या अक्षरात '४५० वॅट' आणि १२ व्होल्टपुढे १६ अँपियर असं लिहिलेलं असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आपलं नुसतं कार्डच २०० मागतंय! कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणाऱ्या डब्यांची ही जुनी खोड. त्यापेक्षा नावाजलेला, गोल्ड रेटिंगचा ६५० घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

पण खरी काळजी आहे ती भिंतीत. मामाकडचा जुना पीसी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या द्यायचा. सगळे म्हणायचे पीसीत फॉल्ट आहे. फॉल्ट पीसीत नव्हताच. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किंचितसा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरंच फेज बॉडीला लागला, तर फ्यूज उडवायला वाटच नाही. जुन्या चाळीत तिसरं भोक पुष्कळदा शोभेचंच असतं. आणि नळाच्या पाइपाला वायर गुंडाळायचा जुगाड तर नकोच. आपला शॉक शेजारच्यांच्या नळाला जायचा.

म्हणून माझा हिशेब सोपा आहे. ६५० घ्यायचा, आणि वाचलेल्या पैशात लायसन्सवाल्या वायरमनकडून मीटरपासून अर्थिंग ओढून घ्यायचं. मामेभाऊ तयार आहे. मामा अजून अडून बसलाय, "चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, आता कशाला वायरिंगवर खर्च?"

रिडेव्हलपमेंटचं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. पीसी मात्र याच महिन्यात त्या पॉइंटला लागणार आहे.