कर्ता कोण?

पहाटे गजर होतो आणि आपण अंथरुणातून उठतो. ‘आपण उठतो’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. ‘आपण’ हा कर्ता, ‘उठतो’ हे क्रियापद. वर्गात फळ्यावर लिहिले तर एकही मुलगा हरकत घेणार नाही. पण या क्रियेत आपला म्हणून जो वाटा असतो तो पांघरूण बाजूला सारून पाय खाली सोडण्यापुरताच. पुढचे सारे दुसरेच कोणी करीत असते.

आडव्याचे उभे होताच अंगातले अर्धा लिटर, कधी त्याहूनही अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते, दाब घसरू लागतो. आणि मेंदू तर सर्वांत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहिलेला! खालच्या मजल्यावर नळ सुटला म्हणजे वरच्या मजल्यावर काय होते, हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. न्यायाने पाहिले तर आपण सर्वांनी रोज सकाळी भोवळ येऊन पडायला हवे. प्रत्यक्षात आपण चूळ भरतो आणि चहा मागतो.

हे जमते ते मानेतल्या एका पहारेकऱ्यामुळे. जबड्याखाली बोट ठेवले की जी उडताना लागते ती धमनी थोडी वर जाऊन दुभंगते. त्या फाट्यापाशी ती किंचित फुगीर असते आणि तिथल्या भिंतीत मज्जातंतूंची टोके पेरलेली असतात. असाच दुसरा पहारा हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीवर असतो. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि ही टोके मेंदूच्या देठाकडे भराभर वर्दी पाठवितात. दाब उतरला की वर्दी मंदावते. तेवढ्यावरून वरिष्ठांनी समजायचे ते समजते. हृदयाची गती वाढते, हातापायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि काही सेकंदांत दाब ठिकाणावर येतो. अर्ज नाही, शेरा नाही, ‘उद्या या’ नाही.

मान दाबली की नाडी मंदावते हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होते, पण दाबली जाते ती तिथली नस, असे समजत. खरे कारण धमनीचा तो फुगीर भाग आहे, हे हाइनरिख हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. (वाचकांनी हा प्रयोग स्वतःच्या मानेवर करून पाहू नये. काहींना त्याने खरोखरच घेरी येते.)

या सगळ्यांत मला मौज वाटते ती हृदयाच्या लगामाची. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडले तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते. आपली नाडी सत्तर-बाहत्तर लागते, कारण व्हेगस नावाचा एक मज्जातंतू अष्टौप्रहर त्याचा लगाम खेचून धरतो. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ ‘भटक्या’. डोक्यातून निघून पोटापर्यंत भटकतो म्हणून. ज्यांच्यावर हृदयरोपण झालेले असते त्यांच्या नव्या हृदयाचे हे धागे तुटलेले असतात. म्हणून तो माणूस निवांत बसलेला असला तरी नाडी नव्वद-शंभर चालते. तेव्हा उठताना हृदय धावू लागते ते पहिल्यांदा चाबकाने नव्हे, लगाम सैल पडल्याने. टांग्याच्या घोड्याचेही तसेच असते.

हा लगाम काम कसा करतो याचा उलगडा ओटो लोवी या शास्त्रज्ञाला चक्क स्वप्नात झाला. मध्यरात्री जाग आली तेव्हा त्याने काही टिपून ठेवले. सकाळी पाहतो तो स्वतःचेच अक्षर लागेना! पुढल्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या खेपेस तो तडक उठून प्रयोगशाळेत गेला. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस त्याने चेतविला, ते मंदावल्यावर त्यातले पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले, आणि तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या हाती धाडतो. १९२१ साली हे प्रसिद्ध झाले, १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पाहताना मला लोवीची नेहमी आठवण होते. पण त्यांना स्वप्न दुसऱ्यांदा पडत नसावे.

पहारेकरी कधी चुकतोही. रक्त पाहून किंवा सुई टोचताच धट्टाकट्टा तरुण कोसळतो, तेव्हा लगाम एकदम खेचला जातो आणि रक्तवाहिन्याही सैल पडतात. पंधरा ऑगस्टला उन्हात निश्चल उभी राहिलेली मुले पडतात ती बहुधा पोटऱ्या न हलल्यामुळे. पायांतले रक्त वर ढकलायचे काम पोटऱ्यांचे. अशा वेळी आपले लोक धावतात, माणसाला खुर्चीत ताठ बसवतात आणि कांदा फोडून नाकाशी धरतात. कांद्याबद्दल माझी तक्रार नाही, खुर्चीबद्दल आहे. त्याला आडवे निजवावे, पाय उंच करावेत. पडण्यात शरीराने निम्मा उपचार आधीच केलेला असतो, तो आपण उठवून बसवून मोडतो.

म्हातारपणी मात्र हा पहारा खरोखरच सुस्तावतो. धमन्यांच्या भिंती ताठर होतात, वर्दी उशिरा जाते, हृदयही पूर्वीसारखी दाद देत नाही. आमचे नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर शाळेत घंटेबरोबर उभे राहिलेले. गेल्या आषाढात रात्री असेच ताडकन उठले आणि मोरीच्या दाराशी पडले. भुवईवर चार टाके पडले. डॉक्टरांनी निजवून दाब मोजला तेव्हा वरचा आकडा १४८ होता, उभे केल्यावर मिनिटाभरात ११६. वरचा आकडा उभ्याने तीन मिनिटांत वीसाने उतरला तरी डॉक्टर सावध होतात.

नानांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. “त्या दाबाच्या गोळ्यांनीच मला पाडलं. मला काही होत नव्हतं, होतंय का? आजपासून बंद.”

“नाना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको,” मी म्हणालो.

“तुम्हा प्राध्यापकांना प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारावी लागते.”

घरात आठ दिवस अबोला होता. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना समजावले, आणि त्यातून मला या पहारेकऱ्याचा खरा अवगुण कळला. दाब दोन-चार दिवस चढाच राहिला की तो चढ्या आकड्यालाच ठीक समजू लागतो. मग तो पहारा देतो, अगदी इमानाने देतो, पण त्या चढ्या दाबाचाच! उठण्या-बसण्यातल्या पडझडीची त्याला चिंता. वर्षानुवर्षांच्या दाबाची नाही. म्हणूनच दाब वाढलेल्या माणसाला बहुधा काहीच होत नसते, आणि आत मूत्रपिंड, डोळे, मेंदू यांवर घाव बसत असतात.

“म्हणजे पर्यवेक्षक कॉपी करणाऱ्यांना सामील,” नाना म्हणाले. त्यांना पटले होते.

गोळ्या चालू राहिल्या. डॉक्टरांनी एक कमी केली आणि एकीची वेळ बदलली. पाणी भरपूर प्यायचे, फार कढत पाण्याने नाहायचे नाही, भरपेट जेवल्यावर लगेच उठायचे नाही. आणि उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचे, घोटे हलवायचे, वीसपर्यंत आकडे मोजायचे, मग उभे राहायचे. या शेवटच्या कलमाला नानांनी एक दुरुस्ती सुचविली. बालवाडीतल्या पोरासारखे आकडे मोजणे त्यांना मंजूर नाही. ते एकोणतिसाचा पाढा म्हणतात. पहाटे पाचला पलीकडच्या खोलीतून तो ऐकू येतो, “एकोणतीस दाहे दोनशेनव्वद”, आणि मग खाट करकरते.