येवल्याची वाट

आई अलीकडे मला दादा म्हणते. दादा म्हणजे माझा थोरला मामा, येवल्याचा. त्याला जाऊन वीस वर्षे झाली. पहिल्यांदा मी हसून तिची चूक दुरुस्त केली. जातीचा मास्तर, चूक दिसली की हात शिवशिवायचेच! पण तिची मुद्रा अशी काही कावरीबावरी झाली, की तेव्हापासून मी मुकाट्याने ओ देतो. नवल असे, की विंचूरहून येवल्याची वाट मात्र ती देशमान्यासकट बिनचूक सांगते. पोटचा मुलगा हरवावा आणि वाट शाबूत राहावी, हे कसे?

डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितले. उत्तर मिळाले, उलगडा झाला नाही.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. पुण्याला याच कामात असतो. म्हणाला, "गुरुजी, आम्ही मेंदूचा आलेख काढतो." आलेख म्हटले की माझ्यापुढे चौकटीचा कागद येतो. तो हसला. चिवड्यातले शेंगदाणे वेचून त्याने ओसरीवर मांडले, माझ्याच खिशातला खडू घेऊन मध्ये रेघा ओढल्या. शेंगदाणा म्हणजे गाव, रेघ म्हणजे रस्ता. क्योनिग्सबर्गच्या ७ पुलांचे कोडे ऑयलरने १७३६ साली असेच सोडवले म्हणे. पुलांची लांबी-रुंदी सोडून दिली, कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच पाहिले.

इथे गावे म्हणजे मेंदूचे भाग. एमआरआयमध्ये ज्या दोन भागांची चलबिचल बरोबरीने चढते-उतरते, त्यांच्यात रेघ. निरोगी आणि आजारी अशा शेकडो माणसांचे नकाशे यंत्राला उत्तरासकट दाखवायचे. प्रत्येक गाव शेजारच्या गावांची खबर घेते, आपल्या खबरीत मिसळते, पुन्हा विचारते. दोन-तीन फेऱ्यांत लांबची बातमी पोचते. लासलगावात कांद्याचा लिलाव बंद पडला, की आमच्या विंचूरच्या चहावाल्याचे तोंड उतरते, तसेच हे. एकेक गाव धडधाकट दिसले, तरी रस्ते खचलेले असू शकतात. चुकत चुकत यंत्र ते ओळखायला शिकते.

"तीन वर्षांपूर्वी आई भाजीत दोनदा मीठ घालायची. तेव्हाच हे कळले असते?" मी विचारले.

तो जरा थांबला. २०१७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी शेंगदाण्यांच्या जागी माणसेच बसवली होती. एक बिंदू म्हणजे एक माणूस, आणि सारखेपणा असणाऱ्यांमध्ये रेघ. थोडे विसरणाऱ्यांपैकी पुढे अल्झायमर कोणाला होईल, हे त्यांनी शंभरांत ७७ वेळा बरोबर सांगितले. वर्गात मी अशा पोराची पाठ थोपटली असती. पण उरलेल्या २३ जणांच्या घरी काय सांगायचे?

"शिवाय गुरुजी, ती माणसे अमेरिका-कॅनडातली. आपल्याकडच्या आजीबाईंना ते ७७ कसे लावायचे? आणि ओळखले तरी औषध वेगळेच शोधावे लागते."

त्याचे हे सरळ बोलणे मला आवडले. मला हवे होते ते मात्र त्यात नव्हते.

एवढ्यात आई बाहेर आली. "दादा, अन्न असं भुईवर मांडतात का रे?" वाकून तिने एकेक दाणा वेचला, पदराला पुसला आणि त्याच्या ओंजळीत घातला. मग त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "येवल्याचा ना रे तू?"

तो विंचूरचाच. "हो, आजी," म्हणाला.