रिकामी ठेवलेली जागा

फुलोऱ्यावर आलेल्या कोथिंबिरीवर एक इवला पिवळा-काळा जीव हवेत स्थिर तरंगत होता. घरच्यांनी त्याला मधमाशी ठरविले. नातीने काढलेली छायाचित्रे पाहून कीटकप्रेमी स्नेह्यांनी पंख मोजले. मधमाशीला चार, याला दोनच. म्हणजे ही माशी! पंखांतील शिरांवरून कुळही ठरले : सिर्फिडी. नेमकी जाती ओळखण्यास मात्र कित्येकदा नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. एका स्नेह्याने नमुना मागितला.

आजींनी विचारले, “केवळ नावासाठी चतुरिंद्रिय जीवाचा घात?”

नातीने वहीत कुळ लिहिले, जातीची जागा रिकामी ठेवली. ज्ञानाची ओढ योग्यच. तिला मर्यादा घालणे हाही संयमच होय.