कठडा

सोलापूरला समुद्र नाही. तलाव आहे, तोही देवाचा. सिद्धरामेश्वरांनी खणवला म्हणून सांगतात, आणि त्याच्याच पाण्याच्या कुशीत देऊळ उभं आहे. उन्हाळा तापला की पाण्याची कड मागे सरते, चिखलाला भेगा पडतात, आणि साऱ्या शहरावर असं पांढरं, निखळ ऊन उतरतं की दुपारच्या वेळी भिंतींचे रंगसुद्धा उडाल्यासारखे वाटतात. अशा कोरड्या गावातल्या फोटोवाल्यांना पाण्याचं वेड असावं, यात नवल नाही. संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरायची, सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या वाटेला लागायचे, अक्षतांचा पाऊस पडायचा, आणि या सगळ्या गजराच्या एका कडेला, पाळण्यांच्या आणि मौत का कुआँच्या गोंगाटापलीकडे, कनातीच्या आडोशाला एक जहाज उभं असायचं. समोर कमरेएवढा लाकडी कठडा, त्याला सुतळीने बांधलेली गोल ट्यूब, मागे कापडावर रंगवलेल्या लाटा. सगळ्या एकाच मापाच्या, एकीमागे एक शिस्तीत निघालेल्या. वर एक चंद्र, भर दिवसाही पौर्णिमेचा. कापड वाऱ्याने हललं की लाटा खरंच हलायच्या.

त्या जहाजात माझी आजी एकदाच चढली.

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत. आजोबा मिलमधले, भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे. त्यांनी आयुष्यात हट्ट म्हणून जे थोडं केलं त्यात हा एक. माझी आत्या तेव्हा परकरातली पोर, कनातीच्या दोऱ्या धरून उभी होती. तिने सांगितलेलं मला इतकं पाठ झालंय की ते मी पाहिलेलंच वाटतं. काळ्या कापडात डोकं खुपसलेला फोटोवाला आतून ओरडायचा, "बाई, हलू नका की ओ, मान वर घ्या." आजीने मान वर घेतली, पदर डोक्यावरून सारखा केला आणि डाव्या हाताने कठडा घट्ट धरला. इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली. जहाज सुटेल की काय, असं तिला वाटलं असेल का? आत्या म्हणते, "तिचे पाय लटपटत होते रे. खाली मैदानाचीच माती होती, पण तिचे पाय लटपटत होते."

फोटो आठवड्याने मिळाला. बदामी पाकिटात, कडा कातरलेल्या, मागे शाईचा शिक्का आणि शिक्क्याखाली एक नंबर. तो नंबर म्हणजे निगेटिव्हचा. फोटो आपल्या घरी यायचा आणि निगेटिव्ह फोटोवाल्याकडे राहायची. त्याच्या कपाटात, दमट वासाच्या खोक्यांत, शहरातल्या हजारो उलट्या चेहऱ्यांच्या सोबतीने, जिथे काळे केस पांढरे आणि पांढरी धोतरं काळी असत. कॉपी हवी असेल तर नंबर घेऊन पुन्हा त्याच्याच दारात जायचं. लहानपणी मला याचं फार गूढ वाटायचं. आपल्या माणसाचं मूळ परक्याकडे ठेवायचं आणि आपण त्याची छाया घरी आणायची, हा व्यवहार कुणी ठरवला असेल?

पुढे कळलं, कायद्यानेही यावर विचार केलाय. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्यावरचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, असं त्याचं सतरावं कलम सांगतं. म्हणजे खोकं फोटोवाल्याचं, काच त्याची, अंधारखोलीतला लाल दिवा आणि हायपोचा आंबूस वास त्याचा. पण त्या काचेवर उतरलेल्या प्रतिमेचा हक्क, आजोबांनी मोजलेल्या त्या नाण्यांनिशी, आमच्याकडे आलेला. आजोबांना हे कलम कुणी वाचून दाखवलं नाही. ते कॉपी मागायला गेले की नंबर लिहिलेलं पाकीट दोन्ही हातांत धरून, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहत.

जत्रांतून आणि कचेऱ्यांच्या आवारांतून एके काळी पेटीकॅमेरा घेऊन बसणारे फोटोवाले असत, त्यांची रीत मला अजून हलवते. पेटीतच अंधारखोली. आधी कागदावरच उलटा फोटो उतरवायचा, मग तो ओला कागद भिंगासमोरच्या छोट्या फळीवर लावायचा आणि त्याचाच पुन्हा फोटो काढायचा. गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा तो हा दुसरा, फोटोचा फोटो. तिथे मूळ असं काही घरी जातच नसे. जी प्रत, तीच माणसाची पहिली ओळख.

आमच्या गावातून एक तरुण खऱ्या जहाजात चढला होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचं पथक मुंबईच्या धक्क्यावरून चीनला निघालं, त्यात हे सोलापूरचे. परत आले नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच गेले, बत्तीस वर्षांचे. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय, तिथल्या भिंतींवरून त्यांचे फोटो पाहत मी हळूहळू चालतो तेव्हा मनात येतं, यातला जवळजवळ प्रत्येक फोटो कशाचीतरी प्रत आहे. कुणीतरी तिकडे दूर, बर्फाळ उजेडात काढला, कुणीतरी जपला, कुणीतरी त्यावरून दुसरा केला, तो सीमा ओलांडून आला. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला आणि स्वतःच कोटणीस झाले. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने तो चेहरा टपालाच्या तिकिटावर घेतला, आणि मग तो चेहरा अनोळखी पाकिटांवर बसून, शिक्के खात, गावोगाव फिरत राहिला. मुलाला धक्क्यावरून निरोप देणाऱ्या घराला मुलगा मिळाला नाही. प्रती मिळाल्या. त्या प्रतींना कमी म्हणण्याचं धाडस मला होत नाही.

आता सोलापूरची माणसंही सहलीच्या जहाजात जातात. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, आणि दुपारी सामान तपासून घेऊन, कुणीतरी आखून दिलेल्या रांगेतून त्या सात-आठ मजली पांढऱ्या भिंतीच्या पोटात शिरायचं. आईला आणि आत्याला घेऊन मी गेलो. जहाजात पाऊल ठेवण्याआधीच एका मुलाने आम्हाला थांबवलं. बाजूला गोल ट्यूब होती, जहाजाचं नाव लिहिलेली, मागे कापडावर छापलेला निळा समुद्र. खरा समुद्र त्या कापडामागे दहा पावलांवर होता, काळपट, तेलकट, डिझेलच्या वासाचा. "इकडे बघा आजी, हसा," तो म्हणाला, आणि आत्या हसली. दुसऱ्या संध्याकाळी जरीच्या साड्या नेसून दोघी जेवायला निघाल्या, तेव्हा मोठ्या जिन्यापाशी पुन्हा तोच मुलगा, तोच कॅमेरा, तेच लाघवी आर्जव.

आणि रात्री ती भिंत पाहिली.

एका लांब दालनात, कडेपासून कडेपर्यंत, माणसंच माणसं लावून ठेवलेली. नवी जोडपी, टोप्या घातलेली मुलं, नातवाला कडेवर घेतलेले आजोबा, डोळे मिटलेली एक बाई, कुणाकडे तरी पाहून अर्धवट हसलेला एक एकटा माणूस; शेकडो चेहरे पिवळ्या उजेडात चकाकत होते आणि समोरून तेच चेहरे, जिवंत, थोडे दमलेले, स्वतःला शोधत हिंडत होते. जहाज संथ डुलत होतं. भिंतीवरचे सगळे एकाच बाजूला झुकत, पुन्हा सावरत. मला कुंभमेळ्यात हरवलेल्या माणसांची रांग आठवली. फरक इतकाच की इथे जो तो स्वतःलाच हरवून आला होता. "ही बघ मी," आत्या ओरडली, आणि आनंदाने माझ्या दंडावर थाप मारली.

जिन्यावरचा फोटो होता. आई सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारी. आत्या किंचित वळलेली, जरीचा पदर डाव्या खांद्यावर, आणि डावा हात जिन्याच्या पितळी कठड्यावर. घट्ट. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

मी त्या हाताकडे किती वेळ पाहत राहिलो, सांगता येणार नाही. आजीला जाऊन इतकी वर्षं झाली, आत्याने तिचा आवाज घेतला नाही, उंची घेतली नाही, रंग घेतला नाही. हात घेतला. आणि तो तिने घेतलाय हे आम्हा घरच्यांपैकी कुणाला कधी दिसलं नव्हतं. ते दिसलं एका परक्या मुलाच्या भिंगाला, ज्याला आमचं नावही ठाऊक नव्हतं. आपण मोबाइलने एकमेकांचे एवढे फोटो काढतो, पण त्यात आपण आपल्याला हवं तेच पाहतो. परका माणूस पाहतो ते वेगळं. त्याला आपल्याकडून काही नको असतं, फक्त आपण क्षणभर नीट उभं राहावं एवढंच.

किंमत ऐकून आईने पदर सावरला. भोवती बरेच जण भिंतीपुढे मोबाइल धरून फोटोचा फोटो काढत होते, भरभर, मान खाली घालून. तसं करू नये अशी पाटी तिथे होती. हे फोटो कुणी सांगून काढून घेतलेले नव्हते, मुलाने आपणहून काढलेले, तेव्हा कायद्याचं पारडंही इथे दुसरीकडे झुकतं. तरी त्या माणसांना चोर म्हणावंसं मला वाटलं नाही. स्वतःचा चेहरा भिंतीवर टांगलेला सोडून जाणं कुणालाही जड जाईल. पण मी फोटो विकत घेतला, आणि तो घ्यायलाच हवा असं मला आजही वाटतं. दिवसभर उभं राहून, हजार अनोळखी माणसांना हसतं करून, रात्री त्यांनाच भिंतीवर लावणाऱ्या त्या मुलाच्या पायांना काही मोल असेल तर ते असंच चुकतं करता येतं. आत्याने त्याला विचारलं, "न घेतलेल्या फोटोंचं काय करता रे, बाळा?" सहल संपली की फाडून टाकतात, तो म्हणाला. आत्या गप्प झाली. आमच्याकडे भंगलेली तसबीरसुद्धा कुणी केरात टाकत नाही, नदीत सोडतात. रात्री केबिनमध्ये ती म्हणाली, "त्या मिटल्या डोळ्यांच्या बाईचा तरी कुणीतरी घ्यायला हवा होता."

आजी गेली तेव्हा तिचा तेवढाच फोटो होता, जत्रेतला. हार घालायला तर मोठा फोटो हवा. आजोबा तो घेऊन स्टुडिओत गेले, पण गड्ड्यातला फोटोवाला कुठल्या कुठे गेलेला, निगेटिव्ह नव्हती. मग फोटोवरून फोटो. लाकडी स्टँडवर फोटो चार टाचण्यांनी ताणून बसवायचा, दोन्ही बाजूंनी तिरका दिवा, वरून कॅमेरा. मग बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर काम. सुरकुती पुसायची, नथ उजळायची. मग छापलेल्या फोटोवर ब्रशने कुंकू गडद करायचं. स्टुडिओवाल्याने समुद्र खोडला, चंद्र खोडला, मागे राखाडी धुकं केलं. पण आजीच्या डाव्या कुशीला कठड्याचा एक तुकडा राहिला, त्यावर चार बोटं. ती खोडली असती तर हात तुटला असता.

त्या मोठ्या फोटोवरून पुढे काकांनी एक करून घेतला, आत्याने सासरी एक नेला, धाकट्या काकांनी पुण्याला एक. प्रत्येक प्रतीत आजी थोडी अधिक पांढरी होत गेली. नाकाची कड गेली, ओठ गेले. शेवटच्या प्रतीत कुंकू, नथ, डोळ्यांचे दोन ठिपके आणि ती चार बोटं, एवढंच ठळक उरलं. सोलापूरच्या लोकांना प्रतीचं दुःख वेगळं सांगायला नको. इथल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तरी परगावच्या मागांवरची चादर तिचं नाव लावून रस्तोरस्ती विकली जाते. पण आजीच्या प्रती कुणी विकायला काढल्या नव्हत्या. त्या फिकट होत गेल्या त्या ओढीनेच, प्रत्येकाला ती आपल्या भिंतीवर हवी होती म्हणून.

शेवटची प्रत काकांनी धाडली, मोबाइलवर. फ्रेमच्या काचेतूनच काढलेली. वरून खिडकीच्या उजेडाचा पट्टा, आणि आजीच्या राखाडी धुक्यात, छातीपाशी, काचेत उमटलेले काका. बनियन, पांढरे केस, दोन्ही हात वर करून मोबाइल धरलेला, तोंड किंचित उघडं. आईचा फोटो हलू नये म्हणून श्वास रोखून उभा असलेला सत्तरीतला मुलगा. मी फोटो मोठा करून पाहिला. काकांच्या डाव्या हाताची बोटं मोबाइलच्या कडेवर आवळलेली होती.

परवा तो फोटो घेऊन नव्या स्टुडिओत गेलो. जुना बंद झालाय, खोकी कुणी नेली ते शेजारच्या चहावाल्यालाही माहीत नाही. तिथल्या मुलाने संगणकावर आजीला उघडलं आणि दोन मिनिटांत चेहऱ्यावरचा उजेडाचा पट्टा पुसून टाकला. मग म्हणाला, "काका, हे कठड्याचं लाकूड पण काढू का? हात पदराखाली घेता येतो. आणि काचेतला हा माणूस तर काढावाच लागेल."

"लाकूड राहू दे," मी म्हटलं. "माणूसही राहू दे."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं. "किती कॉप्या?"

बारा बाय पंधराच्या चार सांगितल्या, आणि काकांसाठी एक मॅट कागदावर, त्यांच्या भिंतीवर ऊन येतं म्हणून.