परसातली दोन ठेंगणी टोमॅटो
मंडळी, आपल्या संगमेश्वरात टोमॅटो येतो घाटावरून. म्हणून भात काढल्यावर परसात दोन ठेंगणी वाणं शेजारी शेजारी लावली: दिल्लीचं पुसा अर्ली ड्वार्फ नि बेंगळुरूचं अर्का आलोक. मांडव नको, एक काठी पुरते.

पुसाला फळ आधी धरलं. पण ऐन भरात हिरव्यागार झाडांनी माना टाकल्या. खोड कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरलं, तर पांढरा दुधाळ धागा उतरला. जिवाणूची मर! ती जमिनीतच असते, वाणाचा दोष नाही. आलोक मात्र मरीला सहज दाद देत नाही, तो उभा राहिला.

बी आलोकचंच धरलंय. संकरित नाही, त्यामुळे घरचं चालतं. मर आलेल्या जागी वांगी-मिरची लावू नका, ती त्याच कुळातली. तिथे मका घ्या.