सावली हरवली तेव्हा

रोज दुपारी साडेबाराला यांचा डबा टॉवर चौकाजवळच्या दुकानात पोचवायचा, हा माझा कितीतरी वर्षांचा नेम. फ्रीगंजातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांची वाट. जूनमध्ये तर नुसती भट्टी. या वाटेत पाहण्यासारखं काही असेल, असं कधी वाटलंच नाही.

गेल्या वर्षी 21 जूनला पाऊस लांबला होता. छत्री उघडून खाली मान घालून चालले होते. एकदम लक्षात आलं, छत्रीची सावली माझ्याभोवती कंपासने काढावी तशी गोल पडली आहे! बाजूला विजेचा खांब, त्याला सावलीच नाही. उभ्या सायकलीखाली फक्त एक काळी रेघ.

मग शाळेची सहल आठवली. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली आणि 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली आपली वेधशाळा. शंकुयंत्रापाशी बाई सांगत होत्या, "कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं. 21 जूनला दुपारी 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा येऊन बघा." आम्ही मुली बोरं खाण्यात गुंग. पुन्हा कोण जातंय!

दुकानाशी पोचले आणि डबा देण्याऐवजी यांनाच हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

"काय झालं?"

"तुमची सावली शोधा."

भर उन्हात आम्ही दोघं आपापल्या पायांकडे बघत हसत होतो. शेजारचे दुकानदारही बाहेर आले. मी खांबाचा फोटो काढून पुण्याला मुलाला पाठवला.

त्याचा फोन रविवारी येतो. "जेवलास का?" "हो." संपलं. त्या दिवशी मात्र लगेच आला. "आई, पुण्यात ही गंमत मे महिन्यातच होते. सूर्य उत्तरेकडे सरकताना आधी पुण्यावरून जातो ना! आणि परतताना जुलैच्या शेवटी पुन्हा." वीस मिनिटं बोलत होता. डबा गार झाला, पण यांनी चकार शब्द काढला नाही.

यंदा मे महिन्यात त्याचा फोटो आला. ऑफिसच्या अंगणात पाण्याची बाटली, सावलीशिवाय. खाली लिहिलं होतं, "आई, आता तुझी पाळी."

21 जूनला डबा घेऊन पाच मिनिटं लवकरच निघाले.